दोन मीटर, नऊ सेकंद

२ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज काय वाटतं ते लिहीत जा. थकवा, थंडी, झोप, पोट साफ होतं का." म्हणून ही वही. पोट साफ होतं. झालं लिहून. उरलेल्या पानांवर मला हवं ते लिहीन.

महिन्यापूर्वी माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. कॅन्सरची होती. आरशात टाके बघितले. शिवण सरळ आहे, पण शेवटाला गाठ नीट मारलेली नाही. माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर उसवून परत घालायला लावलं असतं. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्हालाच बोलवू. म्हटलं, पुढची वेळ नकोच.

कापलं तरी आत एखादा धागा राहिला असेल, तो जाळायला किरणांची गोळी देणार आहेत. गोळीत आयोडीन. त्यासाठी आधी अंगाला आयोडीनची उपासमार घडवायची, म्हणजे गोळी आली की ते अधाशासारखं खाईल. म्हणून नेहमीचं मीठ बंद, दूध बंद, अंडी बंद, मासे बंद, रोजची औषधाची गोळीही बंद. उकडलेला बटाटा, भात आणि देवाचं नाव. जीभ अळणी झाली. स्वभावाने मी कधी अळणी नव्हते, तेवढं एक बरं.

५ मार्च

आज शर्टाची बाही उलटी लावली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. दुकानात माझ्यासमोर बसून काजं-बटणं करते ती काजवाली म्हणाली, "ताई, हा शर्ट घालणाऱ्याने उलटं चालायचं का?" माझी थट्टा माझ्याच दुकानात! पण खरंच, डोकं गोणपाटासारखं झालंय. सुई ओवायला बसले की कशाला बसले ते विसरते. मार्चमध्ये स्वेटर घालून बसते. औषध बंद केल्यामुळे असं होणार, हे सांगितलं होतं त्यांनी.

सूनबाईने तिचा निळा ड्रेस दिला होता, कमरेत सैल करून द्या म्हणून. टेप लावली, दीड इंच जास्त. म्हटलं, "अगं, अशीच वाढत गेलीस तर पुढचा ड्रेस तंबूवाल्याकडून शिवून घ्यावा लागेल." एरवी ती उलटून काहीतरी बोलते. आज डोळ्यांत पाणी. उठून आतल्या खोलीत गेली. माझ्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या कानाखाली मारली. बोलला काहीच नाही. तो बोलतच नाही, म्हणून लहानपणापासून मी त्याला घुम्या म्हणते.

गंमत म्हणजे ती धड जेवतही नाही, अर्धं ताट टाकून उठते. न खाता वाढते कशी? मला हे जमलं असतं तर धान्याचा डबा किती दिवस पुरला असता.

तिला लागट बोलू नये, हे मला कळतं. चार वर्षांत दोनदा गोड बातमी आली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेली. मी दोन्ही वेळा आठवड्याच्या आत सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाले होते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मग दोघांनी ठरवलं की आता पुरे, आता प्रयत्न नाही. मीही तो विषय सोडला. थट्टेत एक-दोनदा काढला असेल तेवढाच.

९ मार्च

घुम्या बरोबर आला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. गोळी घेतली की माझ्या अंगातून किरण बाहेर पडणार. घामातून, थुंकीतून, लघवीतून. तीन दिवस दवाखान्याच्या बंद खोलीत एकटीने राहायचं. मग एकवीस दिवस लोकांपासून दोन मीटर लांब. म्हटलं, मीटर मला शिकवू नका, मी रोज कापते.

मग म्हणाल्या, "आजी, घरात लहान मूल किंवा कुणी गरोदर बाई आहे का?"

म्हटलं, "मला आजी कशाला म्हणता? आमच्याकडे अजून कुणी मला आजी केलेलं नाही. आणि आता करणारही नाहीत."

त्या हसल्या नाहीत. घुम्याला एवढा ठसका लागला की शेजारच्या खोलीतून सिस्टर पाणी घेऊन आली. बाहेर पडून आम्ही जिन्यापर्यंत आलो, तर म्हणे, "आई, थांब, छत्री विसरली आत." आणि परत गेला. छत्री माझ्या हातात होती. चांगली पाच मिनिटं आत होता. आला तो कपाळ पुसत. म्हटलं, "सापडली का छत्री?" तर म्हणाला, "हो." बापावर गेलाय. त्यांनाही खोटं बोलायची हौस होती, पण अक्कल नव्हती.

नंतर घरी तोच म्हणाला की तीन आठवडे मी दुकानामागच्या खोलीत राहावं, कारण घरात रंगकाम काढलंय. आत्ता? आई दवाखान्यात जातेय आणि तुला भिंती पिवळ्या करायच्या आहेत? सूनबाई खाली मान घालून वाटाणे सोलत होती. एकच वाटाणा सोलत होती, किती तरी वेळ.

मला कळायचं ते कळलं. किरणांची बाई घरात नको. सरळ सांगितलं असतं तर मीच गेले असते की.

१६ मार्च

सकाळ. आज दाखल होते. वही आत न्यायची नाही. आत गेलेली वस्तू बाहेर येईलच असं नाही म्हणे, वस्तूंनाही किरण लागतात. म्हणून ही वही घुम्याजवळ देते. त्याने वाचली तर वाचू दे. पान पाच मार्चचं वाच रे, घुम्या. तुझी आई बोलते वाईट, पण लिहिताना खरं लिहिते.

(वाचली नाही त्याने. वाचली असती तर पुढचं झालं नसतं. हे मी आज पंचवीस तारखेला मध्येच घालतेय.)

१९ मार्च

सुटले. तीन दिवसांचं आठवून लिहिते.

खोली छान होती, कुणी राहत नसलं तर. पलंग, खुर्ची, प्लॅस्टिक गुंडाळलेला फोन, जाड शिशाचं दार. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या पलीकडे जेवण ठेवून सिस्टर जाणार, मग मी उचलायचं. संडासात दोनदा पाणी सोडायचं. लिंबाच्या गोळ्या चघळत राहायच्या, म्हणजे तोंडातल्या लाळेच्या ग्रंथी जळत नाहीत.

पहिल्या दिवशी तीन वाजता मोजणीवाला आला. किरण मोजायचं यंत्र घेऊन फिरतो तो, मुलगाच आहे, तिशीचा. हातमोजे घालून त्याने एक डबा उघडला, त्यात दुसरा डबा, त्यात शिशाची कुपी, तिच्यात एवढीशी गोळी. म्हटलं, नवरीच्या नथीलाही कुणी एवढी डबी करत नाही. त्याने गोळी हात न लावता माझ्या ओंजळीत टाकली. मी गिळली. आणि तो पाठ न फिरवता मागे मागे चालत दाराबाहेर गेला. म्हटलं, "बाबा रे, मला बघून पुरुष पळतोय, हे आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

तो म्हणाला, "मावशी, मी पळत नाही. अंतर ठेवतो."

"आमचे हे असते तर म्हणाले असते, मला कुणी पळू दिलं नाही."

तो हसला. मग रोज दोनदा काचेपलीकडून यंत्र रोखायचा आणि आकडा सांगायचा. मी विचारायची, "पास की नापास?" तो म्हणायचा, "नापास, पण प्रगती आहे." गावच्या शाळेत गुरुजी माझ्या पाटीवर हेच लिहायचे.

दुसऱ्या दिवशी मळमळलं, कानाखाली सूज आली आणि कुणी येईना. येणार तरी कसं? मी भिंतीशी बोलले. तिला विचारलं, तुझ्या मागे कोण आहे? मग वाटलं, मी मेले तर इथेसुद्धा हे लोक पट्टीपलीकडून बघतील आणि आकडा सांगतील. रडले नाही. नाक गळत होतं. तो रुमालही वेगळ्या पिशवीत टाकावा लागला.

आज सुट्टी देताना मोजणीवाल्याने परत सगळं सांगितलं. दोन मीटर. कुणाच्या शेजारी झोपायचं नाही. मुलांना जवळ घ्यायचं नाही. मोठ्या माणसाजवळून क्षणभर गेलात तर घाबरू नका, पण रेंगाळू नका. त्याने ते कागदावर लिहून दिलं. मी त्यातलं मला आवडलं तेवढं लक्षात ठेवलं: क्षणभर चालतं.

घुम्याने गाडीत मागे, त्याच्यापासून तिरकं बसवलं आणि दुकानावर आणून सोडलं. खोलीत नवी चादर, स्टोव्ह, फळं, स्वच्छ न्हाणी. चादरीला इस्त्री होती. ही इस्त्री सूनबाईची, कोपरे दुमडते ती. ती स्वतः आली नव्हती.

२१ मार्च

आवाज अजून घोगरा. फोनवर लोक मला "साहेब" म्हणतात.

काजवाली दाराजवळ बसून काम करते, मी मागच्या टेबलावर. मध्ये मी खडूने रेघ मारली आहे. गिऱ्हाईक आलं की ती माप घेते आणि मी ओरडून सांगते. काल एका माणसाच्या पँटची लांबी मी लांबून डोळ्यांनी सांगितली. तिने टेपने मोजली तर तेवढीच निघाली. म्हटलं, किरणांचा फायदा.

सूनबाई रोज दोनदा फोन करते. काय खाल्लं, काय नको, मळमळ आहे का. डबा घुम्याच्या हाती पाठवते. पण येत नाही. घुम्या दारात उभा राहतो. काजवालीची शेजारीण, जिला माझ्याशी काही देणंघेणं नाही, तीसुद्धा रस्त्यावरून हात हलवून गेली. घरच्या सुनेला तेवढंही नाही.

तिला किळस येत असेल का माझी? मी तिच्याशी वाईट वागले नाही. बोलले असेन. बोलणं म्हणजे वागणं नव्हे.

२३ मार्च

काजवाली म्हणाली, "ताई, काल तुमच्या जिन्यावरून गेले, वरच्या मजल्यावर शर्ट द्यायचा होता. तुमच्याकडे रंगाचा वास नाही, शिडी नाही, काही नाही."

मी म्हटलं, "हल्ली बिनवासाचा रंग मिळतो." आणि उठून मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

मग मला युक्ती सुचली. सूनबाई मला घाबरते ना? तिची भीती घालवायची. उद्या गुपचूप घरी जायचं, मागून जाऊन एकदम मिठी मारायची आणि म्हणायचं, बघ, काही झालं का तुला? ती किंचाळेल, मग हसेल, आणि घुम्याला त्याचं रंगकाम दाखवायला सांगेन. क्षणभर चालतं, असं मोजणीवालाच म्हणालाय. आणि किल्ली आहे माझ्याकडे.

कितीतरी दिवसांनी मजा वाटली.

२४ मार्च

आज लिहवत नाही.

२५ मार्च

लिहिते. लिहिलं नाही तर हे माझ्या डोक्यात वेगळंच होऊन बसेल, मला बरं वाटेल असं.

दुपारी बाराला गेले. चपला जिन्यात काढल्या. किल्लीने दार उघडलं. सूनबाई खिडकीपाशी पाठमोरी उभी होती, कपड्यांच्या घड्या करत. घुम्या स्वयंपाकघरात भांडी घासत होता, म्हणजे कामावर गेला नव्हता. मी पाय न वाजवता गेले आणि मागून मिठी मारली. दोन्ही हात तिच्या पोटाभोवती. गाल तिच्या पाठीला.

ती ओरडली, "सोडा! आई, सोडा!"

मला वाटलं, गुदगुल्या होतायत. मी सोडलं नाही. आणखी आवळलं. हसत होते मी.

घुम्या धावत आला. हात साबणाचे. त्याने मला धरून बाजूला ओढलं, स्वतः मध्ये उभा राहिला आणि ओरडला. माझा घुम्या. गल्लीत ऐकू गेलं असेल.

"आई, तिला तीन महिने होतायत! कळतंय का तुला? तीन महिने!"

सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. पोटावर हात. माझ्याकडे बघतही नव्हती.

मी म्हटलं, "मी फक्त हात लावला." मग आले तशी गेले. चपला हातात घेऊनच खाली उतरले.

आता सगळं दिसतंय. ड्रेसचे दीड इंच. छत्री. एकच वाटाणा. मापं घेऊन पोट भरणारी बाई मी, आणि घरातल्या बाईचं माप मला कळलं नाही. गोणपाट डोक्यात होतं हे खरं. पण ते आत्ताचं. माझी जीभ तर आधीपासूनची आहे.

आणि "फक्त हात लावला" हे खोटं आहे. किती वेळ धरलं होतं, ते मला शोधायचं होतं. दुकानात कपडे लावायचा पुतळा आहे, सूनबाईच्या उंचीचा. काजवाली गेल्यावर शटर अर्धं ओढलं, पुतळा खिडकीकडे तोंड करून ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ बघत त्याला मागून मिठी मारली. ती काय ओरडली, मग मी काय केलं, मग घुम्याची पावलं. सगळं तसंच केलं. पहिल्यांदा सात सेकंद आले. सात मला बरे वाटले, म्हणून परत केलं. नऊ. तिसऱ्यांदाही नऊ.

नऊ सेकंद. अंतर शून्य.

२६ मार्च

आज माझा स्कॅन होता. मानेत दोन ठिपके आहेत, तिथे गोळीने काम केलंय, बाकी अंगात कुठेही काही नाही. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. मी त्यांना "बरं" म्हटलं आणि मोजणीवाल्याला शोधत गेले.

त्याला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. माझ्याकडे न बघता कागद ओढला.

"कोणत्या दिवशी? गोळीनंतर आठवा दिवस. अंतर?"

"काही नाही. चिकटून."

"किती वेळ? अंदाजे?"

"अंदाजे नाही. नऊ सेकंद. मोजलेत."

त्याने मान वर केली. "कसे मोजलेत?"

पुतळ्याचं सांगितलं. तो हसला नाही, म्हणून मला तो फार आवडला. त्याने यंत्र माझ्यावर धरलं, आकडा लिहिला, बराच वेळ गुणाकार-भागाकार करत राहिला. मग कागद माझ्याकडे फिरवला. "मावशी, एवढ्या वेळात एवढेच किरण गेले. तुमच्या सूनबाई विमानात बसून लांब कुठे गेल्या असत्या तर यापेक्षा जास्त मिळाले असते. यामुळे बाळाला काही होणार नाही."

"नक्की?"

"यामुळे काही होणार नाही, हे नक्की. बाकी बाळांचं मी सांगू शकत नाही. ते माझ्या यंत्रात येत नाही."

खाली अंगणात बसले. बाकीचंच तर सगळं आहे. दोनदा गेलंय, तेव्हा कुठे किरण होते? आणि या वेळी गेलं तर ती मनात काय म्हणेल? मोजणीवाल्याचा कागद मी तिच्या पुढे धरू का? आकडा बरोबर असला म्हणून काय झालं. धसका मी दिला, तो कुठे मोजायचा?

कागदाचा फोटो घुम्याला पाठवला. खाली लिहिलं, नऊ सेकंद. त्याने वाचला.

२८ मार्च

सूनबाईचा फोन. मी दोन दिवसांत दहा वेळा केला होता, तिने उचलला नव्हता.

म्हणाली, "आई, मी रागावले नाही, असं म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"सोमवारी तपासणी आहे. त्याआधी बोलून टाकावं म्हटलं. नंतर काय होईल माहीत नाही. तुम्हाला सांगू नको, हे मीच म्हटलं. त्याची चूक नाही. तो रोज म्हणत होता, सांगूया."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"तिळाचं नाही, आई. मागच्या वेळी गेलं ना, त्यानंतर भाजीला गेले. भाजीवालीने विचारलं, कितवा लागला? हातात पिशवी होती. सांगावं लागलं, गेलं म्हणून. पुढे दूधवाला. मग तुमची काजवाली. मग वरच्या मजल्यावरच्या काकू. महिनाभर एकेकीला सांगत होते. दर वेळी ते पुन्हा एकदा जात होतं."

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. त्या महिन्यात मी दुकानात बसून लोकांना म्हणत होते, नशीब एकेकाचं.

म्हटलं, "एक सांगायचंय. त्याला मी म्हटलं, फक्त हात लावला. ते खोटं. तू सोडा म्हणालीस तेव्हा मी आणखी आवळलं."

ती म्हणाली, "माहीत आहे. मी होते ना तिथे."

फोन कुणी ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तेव्हा म्हणाली, "ठेवते. तुम्ही लिंबाच्या गोळ्या घेताय ना?"

३० मार्च

तपासणी अकराला. दहापासून मशीनवर बसले. सरळ शिवण मारत होते, कशावर मारतेय ते नंतर बघितलं, तर गणवेशाचा खिसा चारी बाजूंनी शिवून बंद केला होता.

साडेअकरा. पावणेबारा. काजवाली बडबडत होती, तिच्या जावेच्या दाढेबद्दल. पहिल्यांदाच तिला गप्प केलं नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन. सूनबाईच.

"आई, ठोके ऐकले."

मी मशीन थांबवलं. मग म्हटलं, "कसे?"

"भराभर. तुमच्या मशीनसारखे."

"पायाच्या की मोटरच्या?"

"मोटरच्या," म्हणाली आणि रडायला लागली. "डॉक्टर म्हणाले, सगळं वेळेवर आहे. मागच्या दोन्ही वेळा इथपर्यंत आलंच नव्हतं."

फोन ठेवला. काजवाली खडूच्या रेघेपलीकडून माझ्याकडे टक लावून बघत होती. "ताई, काय झालं? चेहरा का असा?"

आयुष्यात एवढी मोठी गोष्ट माझ्या तोंडात कधी आली नव्हती आणि समोर कान असा उघडा! जिभेच्या टोकापर्यंत आली. म्हटलं, "लिंबाची गोळी. फार आंबट निघाली."

"डोळ्यांतून पाणी काढण्याएवढी?"

"तुला देऊ का?"

नको म्हणाली. दिवसभर तीन गिऱ्हाइकं आली, वरच्या मजल्यावरच्या काकूही आल्या. सगळ्यांना फक्त मापं सांगितली. संध्याकाळपर्यंत जबडा दुखायला लागला.

५ एप्रिल

गोळ्या परत सुरू झाल्या, मीठ परत आलं. चव अजून पत्र्यासारखी आहे, पण सुई पहिल्या फटक्यात ओवते. उन्हात स्वेटर काढला. डॉक्टरीणबाईंसाठी: पोट साफ.

दुपारी काजवाली जेवायला गेली होती. दारात सूनबाई. हातात रिकामी बॅग. त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितली. चेहरा भरलाय. माझ्या डोळ्यांनी लांबूनच माप घेतलं, पण तोंडाने घेतलं नाही.

"चला, आई. घरी. एकवीस झाले."

"तू एकटी आलीस?"

"तो रिक्षा थांबवून बाहेर उभा आहे. आवरा."

ती खडूची रेघ ओलांडून आत आली. मी मागे सरले. ती आणखी एक पाऊल पुढे आली, मी आणखी मागे, शेवटी पाठ कापडाच्या फळीला लागली. म्हटलं, "थांब तिथेच! दिवस कुठून मोजलेस?"

"सोळापासून. सोळाला गोळी घेतलीत. सोळा एक, सतरा दोन. आज एकवीस."

"अगं, सोळा म्हणजे शून्य. टेप एकपासून धरली की कपडा इंचभर तोकडा होतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे. आज वीस झाले."

"एका दिवसाने काय होतंय?"

"हे माझं वाक्य आहे. तू म्हणू नकोस."

ती हसली. हसता हसता मागे गेली आणि दाराजवळच्या बाकावर बसली, गिऱ्हाइकांच्या. मी टेबलामागे. टेप काढून मोजायची गरज नव्हती, मध्ये अडीच मीटर तरी होतं. रिक्षावाल्याने बाहेर दोनदा हॉर्न वाजवला, तरी ती बसून राहिली. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, चौथा लागला की सांगायला हरकत नाही. तुम्हाला काजवालीला सांगायचं असेल तर..."

"तूच सांग. तुझं आहे."

"मी सांगायला लागले तर मला रडू येईल."

"मग नको सांगूस. पोट दिसेल तेव्हा तिचं तिला कळेल. डोळे आहेत तिला, माझ्यासारखी नाही ती."

जरा वेळाने उठली. "मग उद्या. सकाळी येऊ?"

"गोळी दुपारी तीनला घेतली होती."

"तीनला येते."

"साडेतीनला ये. शिवणीत थोडं मार्जिन ठेवावं."

ती गेली. बॅग बाकावरच ठेवून गेली. मी ती घेऊन भरायला बसले. दोन झगे, चष्मा, कंगवा, ही वही. पाच मिनिटांत भरली. आता उद्या साडेतीनपर्यंत काय करू?